मॅटरहॉर्नवरचा तिसरा दोर

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावच्या संग्रहालयात काचेआड दोराचा एक तुकडा ठेवलेला आहे. त्याचं एक टोक तुटून पिंजल्यासारखं झालं आहे. हा दोर विकत आणला होता एडवर्ड व्हिम्पर यांनी. त्यांचा गिर्यारोहणातला सगळ्यात मोठा विजय आणि सगळ्यात मोठा घात एकाच दिवशी झाला, 14 जुलै 1865 रोजी.

व्हिम्पर यांचा जन्म 1840 मध्ये लंडनला झाला. घरचा धंदा लाकडावरच्या कोरीव ठशांचा होता. त्या काळी पुस्तकांतली चित्रं अशा ठशांवरूनच छापत, आणि त्या कामात केसाएवढी रेघ चुकली तरी ठसा वाया जाई. 1860 मध्ये एका प्रकाशकानं आल्प्सची चित्रं काढायला त्यांना पाठवलं आणि डोंगरांनी त्यांना धरून ठेवलं. कारागिराची नजर ते तिथेही विसरले नाहीत. वारा आणि ओल आत शिरू नये म्हणून जमिनीचं जलरोधक कापड बाजूंना शिवून टाकलेला तंबू त्यांनी स्वतः बेतला. पुढे अनेक वर्षं गिर्यारोहक तो ‘व्हिम्पर तंबू’ या नावानं वापरत होते.

1862 मध्ये मॅटरहॉर्नवरून एकटे उतरताना ते घसरले आणि आपटत आपटत जवळजवळ 200 फूट खाली गेले. कड्याच्या तोंडाशी कसेबसे थांबले तेव्हा डोक्याच्या जखमांतून रक्त उडत होतं. डोक्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आजूबाजूच्या चिवट ऊतींमुळे चटकन आकसत नाहीत, त्यामुळे तिथली जखम फार वाहते. व्हिम्पर यांनी बर्फाचा मोठा गोळा जखमांवर दाबून धरला. दाब आणि गारवा, दोन्ही योग्यच. मग सुरक्षित जागी चढून गेले आणि तिथे बेशुद्ध पडले. शुद्धीवर आले तेव्हा सूर्य मावळत होता. अंधारात चाचपडत ते गावात पोचले, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच डोंगराला भिडले.

याच सुमारास लंडनच्या अल्पाइन क्लबनं दोरांच्या परीक्षेसाठी एक समिती नेमली होती. बाजारातला दोर दिसायला दणकट असला, तरी पडणाऱ्या माणसाचा हिसका तो सोसेल का, हा प्रश्न होता. लटकवलेलं वजन पेलणं वेगळं आणि वरून पडणारं वजन अडवणं वेगळं. पडणाऱ्या शरीरानं घेतलेला वेग क्षणार्धात थांबवायचा असतो, म्हणून दोरावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. समितीनं वजनं खरोखर वरून सोडून दोर तपासले. कित्येक तुटले. मनिला तागाच्या दोरासारखे मोजकेच टिकले.

1865 मध्ये मॅटरहॉर्नवर निघताना व्हिम्पर यांच्याकडे तीन प्रकारचे दोर होते. एक 200 फूट मनिलाचा. दुसरा 150 फुटांचा, त्याहूनही जाड. तिसरा 200 फुटांपेक्षा लांब, पण हलका आणि जुना. तो ते पूर्वी वापरत असत. आता उतरताना दोर खडकाला बांधून मागे सोडावा लागलाच, तर सोडायला म्हणून आणला होता. माणसं बांधायला नव्हे.

सातही जण शिखरावर पोचले. उतरण्यापूर्वी व्हिम्पर चित्र काढत होते. मग सर्वांची नावं लिहून बाटलीत ठेवायची राहिली म्हणून ते थांबले. तोवर बाकीचे एकमेकांना बांधले गेले. सर्वांत पुढे वाटाड्या मिशेल क्रो, मग 19 वर्षांचा नवखा हॅडो, पाद्री हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस आणि त्यांच्यामागे वाटाड्या थोरला पीटर टाउगवाल्डर. व्हिम्पर आणि धाकटा पीटर मागून येऊन जोडले गेले. कोणत्या दोन माणसांत कोणता दोर आहे, हे व्हिम्पर यांनी पाहिलं नाही.

हॅडोचा पाय सुटला. तो क्रोवर आदळला, आणि त्या दोघांच्या ओढीनं हडसन व डग्लसही गेले. वरच्या तिघांनी खडकाला घट्ट धरलं. डग्लस आणि थोरला पीटर यांच्यामधला दोर ताणला गेला आणि अधांतरी तुटला. चौघेही सुमारे 4,000 फूट खाली हिमनदीवर पडले. डग्लसचा मृतदेह कधीच सापडला नाही.

काही वेळानं व्हिम्पर यांनी थोरल्या पीटरकडून ते टोक मागून घेतलं. तो तिसरा दोर होता.

पीटरनं दोर कापला असा संशय लोकांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं घेतला. चौकशीत त्यानं सांगितलं, की पहिला दोर पुरला नाही म्हणून त्यानं दुसरा घेतला. त्याला निर्दोष ठरवलं गेलं. दोर कापल्याची किंवा आधी झिजल्याची खूण टोकावर नव्हती, असं व्हिम्पर यांनीच नोंदवलं आहे. म्हणजे शिखरावर कोणी हा दोर डोळ्यांसमोर धरून बघितला असता, तरी त्यात दोष दिसला नसता. तो ज्या कामासाठी होता त्या कामापुरता ठीकच होता. चुकलं ते त्याला दुसऱ्या कामाला लावण्यात, आणि त्यात व्हिम्पर यांचाही वाटा होता, कारण तिन्ही दोरांमधला फरक त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता.

आज गिर्यारोहणाच्या एकेरी दोराला बाजारात येण्यापूर्वी 80 किलोंच्या वजनाचे किमान पाच झटके सोसावे लागतात. म्हणजे 1864 च्या समितीचीच पद्धत, अधिक काटेकोर केलेली. तरीही जाणकार गिर्यारोहक कोरा दोर घरी आणला की टोकापासून टोकापर्यंत बोटांतून फिरवतो. कुठे मऊ पडला आहे, कुठे फुगला आहे, हे हाताला कळतं. कॅराबिनरचं फाटक चार वेळा उघडून आपोआप मिटतं का ते बघतो, आणि त्यावर कोरलेले ताणाचे आकडे वाचतो. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहते. ऑपरेशन थिएटरमध्ये सिलिंडर भरलेला आहे एवढं बघून चालत नाही, त्यात कोणता वायू आहे हेही वाचावं लागतं, तसंच हे.

व्हिम्पर पुढे इक्वेडोरला गेले. विरळ हवेचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांना अभ्यासायचं होतं. चिंबोराझोवर 16,000 फुटांच्या वरच्या तळावर ते आणि त्यांचे दोन्ही कॅरेल वाटाडे डोकेदुखी, ताप आणि धापेनं आडवे झाले. अशा विकाराचं इतकं बारकाईनं केलेलं वर्णन त्या काळात दुर्मीळ होतं. जानेवारी 1880 मध्ये ते शिखरावर पोचले. उंची मोजायला सोबत अॅनेरॉइड, म्हणजे पाराविरहित हवादाबमापक होते. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी ते कमी दाबाखाली ठेवून तपासले होते, डोंगरावर पाऱ्याच्या दाबमापकाशी ताडून पाहिले, आणि परतल्यावर पुन्हा तपासले. कमी दाबात जास्त दिवस राहिलं की ही यंत्रं आणखी आणखी चुकत जातात, असं त्यांना आढळलं, आणि त्यावर 1891 मध्ये त्यांनी स्वतंत्र पुस्तिका छापली.

सप्टेंबर 1911 मध्ये फ्रान्सच्या शामोनी गावात ते आजारी पडले. हॉटेलच्या खोलीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं आणि डॉक्टरची मदत नाकारली. 16 सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. शामोनीतच त्यांची कबर आहे.