एकही पेशंट वाचला नाही, पण या सर्जनची चिमटी आजही लिव्हरचं रक्त थांबवते

लिव्हर म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज. तो फाटला की रक्त थांबता थांबत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी अशा जखमेपुढे भलेभले सर्जन हात टेकायचे. त्यातल्या एकाने मार्ग शोधला, जेम्स होगार्थ प्रिंगल.

जन्म १८६३ चा, ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाटात. वडीलही सर्जन. नोकरी स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत. तिथे लिव्हर फाटलेले ८ पेशंट त्यांच्याकडे आले. चौघांचं ऑपरेशन झालं. वाचलं कुणीच नाही.

पण एक गोष्ट त्यांनी हेरली. लिव्हरला रक्त पुरवणारी धमनी आणि पोर्टल व्हेन एकाच पट्ट्यातून जातात. तो पट्टा चिमटीत दाबला की रक्त थांबतं. मग सशांवर प्रयोग केले, ते जमले. १९०८ मध्ये त्यांनी अपयशासकट सगळं छापलं. १९४१ मध्ये ते गेले, 'प्रिंगल मॅन्युव्हर' मात्र राहिली.

ही चिमटी लिव्हरमध्ये येणारं रक्त अडवते, हृदयाकडे जाणाऱ्या शिरांतून उलटं येणारं नाही. म्हणून लिव्हर डोनरच्या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ त्या शिरांमधल्या दाबावरही नजर ठेवतात. कारण डोनर आजारी नसतो. तो धडधाकट येतो, त्याला धडधाकटच घरी पाठवायचं असतं.