मनातल्या चित्राला शब्द देणारी शिक्षिका

न्यूझीलंडमधील हॉक्स बे भागातल्या फर्नहिल शाळेत १९५० च्या सुमारास पाच वर्षांची माओरी मुले इंग्रजी वाचायला शिकत होती. हाती येणाऱ्या पुस्तकांत जॅनेट आणि जॉन ही नीटनेटक्या घरातील शिस्तशीर भावंडे होती. माओरी मुलांच्या घरातील माणसे, भये आणि भांडणे यांपैकी काहीच त्या पानांवर नव्हते. मुले अडखळत, आणि दोष त्यांच्या बुद्धीला दिला जाई. हे निदान चुकीचे आहे, असे त्या वर्गाच्या बाई सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांना ठामपणे वाटत होते.

१७ डिसेंबर १९०८ रोजी तारानाकीतील स्ट्रॅटफर्ड येथे त्यांचा जन्म झाला. वडील संधिवाताने अपंग झालेले, तर आई एकशिक्षकी शाळांतून नोकरी करून मोठ्या कुटुंबाचा भार वाहणारी. सिल्व्हियांचा ओढा चित्रकला, पियानो आणि लेखनाकडे होता; पोटासाठी मात्र शिक्षकी पेशा आला. १९३२ मध्ये शिक्षक कीथ हेंडरसन यांच्याशी विवाह झाल्यावर दोघांनी दुर्गम माओरी शाळांत बरीच वर्षे काढली. त्या काळात सिल्व्हियांना मानसिक आजाराने गाठले. उपचारांच्या निमित्ताने मनोविश्लेषणाशी झालेली ओळख पुढे त्यांच्या अध्यापनाचा पाया ठरली.

मुलाच्या मनात चित्रे आधीच असतात आणि त्यांतील सर्वांत प्रबळ चित्रे भय व लैंगिक प्रेरणा यांतून उमटतात, अशी त्यांची धारणा होती. मुलाचा पहिला शब्द म्हणजे अशा चित्राखालची ओळ. म्हणून रोज सकाळी त्या प्रत्येक मुलाला त्याला हवा असलेला शब्द विचारत आणि तो मोठ्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहून देत. आई, भूत, बॉम्ब, मुका असे शब्द मुले मागत. दुसऱ्या दिवशी जमिनीवर पसरलेल्या ढिगातून ज्याने त्याने आपले कार्ड शोधायचे. जो शब्द ओळखता येत नसे, तो मुलाच्या मनातला नव्हताच असे मानून बाजूला काढला जाई. सोबत रंग, माती, फळ्यावरची चित्रे, नाच आणि गाणे असे. पुढे मुलांनी लिहिलेली वाक्येच वर्गाचे वाचनपाठ होत. माओरी मुलांसाठी सिल्व्हियांनी स्वतः सचित्र वाचनपुस्तिकाही तयार केल्या.

याच काळात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेत होत्या. दोन्हीकडे सुरुवात मुलाच्या जगापासूनच झाली.

सिल्व्हियांच्या ‘स्पिन्स्टर’ या कादंबरीने १९५८ मध्ये त्यांना जगभर नाव दिले. १९६३ मध्ये अमेरिकेत ‘टीचर’ हे पुस्तक निघाले. कलेतून शिक्षणाचा पुरस्कार करणारे समीक्षक हर्बर्ट रीड यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पतीच्या निधनानंतर त्यांनी अमेरिका व कॅनडात अध्यापन केले. मायदेशाने आपल्याला झिडकारले, हा सल त्यांनी आयुष्यभर जपला. त्यात तथ्य किती, याविषयी चरित्रकारांनी पुढे शंका घेतली. १९८० मध्ये त्यांच्या आत्मचरित्राला न्यूझीलंडचा ग्रंथपुरस्कार मिळाला. २८ एप्रिल १९८४ रोजी टौरांगा येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याची एक मर्यादाही आहे. त्यांनी बांधलेला पूल इंग्रजीकडे नेणारा होता. माओरी भाषेतूनच बालशिक्षण देणारे पहिले कोहांगा रेओ केंद्र १९८२ मध्ये सुरू झाले, ते माओरी समाजाच्या स्वतःच्या प्रयत्नांतून. तरीही सिल्व्हियांचा मूळ धडा कोणत्याही भाषेला लागू पडतो. ऑकलंड किंवा वेलिंग्टनमधील मराठी घरात मुलापुढे बाराखडीचा तक्ता धरण्याआधी त्याने काढलेले चित्र पाहावे, आणि त्याखाली कोणता शब्द लिहायचा हे त्यालाच विचारावे.