मायकेल फॅराडे, एक मेणबत्ती आणि कार्बन कॅप्चर

विरारला आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी कार्बन कॅप्चर समजावत होतो. लॅपटॉपवर स्लाइड्स लावल्या, तर पाच मिनिटांत सगळी जांभया द्यायला लागली. तेव्हा मला मायकेल फॅराडे आठवले.

फॅराडेंचा जन्म १७९१ चा. वडील लोहार, शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी ते लंडनमध्ये बुक बाइंडिंगच्या दुकानात लागले आणि बांधायला आलेली पुस्तकंच वाचत बसले. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकली, त्याच्या नोट्स बांधून थेट डेव्हींना पाठवल्या. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीसाची नोकरी मिळाली! १८३१ मध्ये त्यांनी शोधलेल्या तत्त्वावर आज तुमच्या फोनचं वायरलेस चार्जिंग चालतं.

पण आपल्या विषयाचं वर्ष आहे १८२३. फॅराडेंनी बंद काचेच्या नळीत दाबाखाली कार्बन डायऑक्साइडचा द्रव केला. अशा प्रयोगांत नळ्या फुटायच्या, डोळ्यांना इजाही झाली. आज पकडलेला कार्बन जमिनीखाली साठवायचा तर आधी असाच प्रचंड दाबावा लागतो.

१८६०-६१ च्या नाताळात त्यांनी मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली. विषय एकच, मेणबत्ती. जळताना निघणारा वायू त्यांनी चुन्याच्या निवळीने ओळखून दाखवला. १८६७ मध्ये ते गेले, प्रयोग मात्र आपल्या शाळेपर्यंत पोचला.

मीही तेच केलं. पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला, वरचं स्वच्छ पाणी बरणीत घेतलं. मेणबत्ती आत जळून विझल्यावर झाकण लावून हलवलं. पाणी दुधाळ! (चुना डोळ्यात जाऊ देऊ नका, चष्मा घाला.)

मग एका मुलीने विचारलं, चुना बनतो कशापासून? मी अडकलो. चुनखडी भाजून बनतो, आणि भाजताना हाच वायू बाहेर पडतो. म्हणजे आमचा हिशोब शून्य!

खऱ्या कार्बन कॅप्चरची अडचणही इथेच आहे. चिमणीतला वायू अमाइन नावाच्या रसायनात पकडता येतो. पण तो सोडवून रसायन पुन्हा वापरायला उष्णता लागते, म्हणजे इंधन आणि पैसा. हे स्लाइडवर मी सांगितलंच नव्हतं. बरणीने ते विचारायला लावलं.