संत गोन्सालो गार्सिया यांचा परदेशवास

आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव साजरा होत असतां जुन्या बाप्तिस्मा-वह्या पुन्हां चाळण्याचा योग आम्हांस आला. त्यांत पूर्वीच्या धर्मगुरूंनीं ज्यांचीं नांवें लिहिलीं, त्यांपैकीं कितीतरी जण आज येथें नाहींत. कोणी आखातांत आहेत, कोणी कॅनडांत, कोणी ऑस्ट्रेलियांत. दरवर्षीं कोणी ना कोणी तरुण आमच्याकडे दाखला मागण्यास येतो आणि जातां जातां विचारतो कीं, कोणत्या देशीं जावें, कोठें घर करावें आणि कोणतें काम पत्करावें. या प्रश्नास तयार उत्तर आमच्यापाशीं नाहीं. परंतु याच वसईंत जन्मलेल्या एका पुरुषानें आपल्या अवघ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यांत हाच प्रश्न पुनःपुन्हां सोडविला. त्यांचें नांव आपण लितानींत घेतों. त्यांचें चरित्र मात्र आपल्या घरांत फारसें सांगितलें जात नाहीं. म्हणून या स्मरणिकेंत तें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसईस झाला. हें ठाणें १५३४ पासून पोर्तुगीजांच्या हातीं होतें. वडील पोर्तुगीज, आई या देशाची. बालपणीं त्यांस येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं शिक्षण मिळालें. त्या काळीं संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जपानयात्रेची कीर्ति ताजी होती. झेवियर १५४९ सालीं जपानांत उतरले होते, आणि त्यांच्यामागून अनेक धर्मगुरु गोवा, मलाक्का व मकाव या वाटेनें तिकडे जात असत. वाऱ्याच्या हंगामाची वाट पाहात बंदरोबंदरीं थांबावें लागे. एक हंगाम चुकला तर वर्ष जाई.

सुमारें १५७२ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, गोन्सालो या धर्मगुरूंच्या सोबतीनें जपानास गेले. हा पहिला परदेशवास त्यांनीं स्वतः विचार करून निवडला असें म्हणवत नाहीं. मोठ्यांच्या मागें मूल जातें तसे ते गेले. परंतु तेथें पोंचल्यावर त्यांनीं जें केलें तें सर्वस्वी त्यांचें स्वतःचें होतें. त्यांनीं त्या देशाची भाषा मनापासून आत्मसात केली. जपानी भाषेंत वडील माणसाशीं बोलण्याची रीत निराळी, बरोबरीच्याशीं निराळी, सरदाराशीं त्याहून निराळी. एक शब्द चुकला तर बोलणाराची पायरी कळते. गोन्सालो यांस ती इतकी अवगत झाली कीं, धर्मशिक्षणाच्या कामीं वडील धर्मगुरूंस त्यांचा मोठा आधार वाटूं लागला. अशीं सुमारें आठ वर्षें त्यांनीं सेवेंत घालविलीं.

त्यांची इच्छा येशूसंघांत प्रवेश मिळावा अशी होती. ती पुरी झाली नाहीं. आपल्या पदव्या परक्या देशीं मोजल्या न गेल्यामुळें हलकें काम पत्करावें लागलेले आपले अनेक बंधु हें दुःख ओळखतील. ज्या घरासाठीं राबलों त्या घरांत आपणांस जागा नाहीं, हें तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणास किती लागलें असेल याची कल्पना करावी. गोन्सालो यांनीं कोणाशीं भांडण मांडलें नाहीं. त्यांनीं निरोप घेतला आणि ते व्यापारांत शिरले.

ही त्यांची दुसरी निवड, आणि ती व्यवहाराच्या दृष्टीनें उत्तम होती. चीनच्या दरबारानें आपल्या प्रजेस जपानशीं थेट व्यापार करण्याची मनाई केली होती. जपानास तर चिनी रेशीम हवें होतें, आणि चीनला जपानची चांदी. हा माल मकावच्या पोर्तुगीज जहाजांतून इकडून तिकडे जाई, आणि त्यावर व्यापारी गबर होत. १५७१ पासून हीं जहाजें नागासाकी बंदरांत येऊं लागलीं होतीं. अशा ठिकाणीं ज्यास पोर्तुगीज व जपानी या दोन्ही भाषा येतात, ज्यास दोन्हीकडचे लोक ओळखतात, त्यास तोटा कसला? गोन्सालो यांचा व्यापार वाढला आणि पूर्वेकडील दुसऱ्या बंदरांपर्यंत पसरला. त्यांनीं धर्म सोडला नाहीं व प्रामाणिकपणाही सोडला नाहीं. व्यापार करणें हें पाप नव्हे, आणि जेथें कष्टाचें फळ अधिक मिळतें तेथें जाणें हेंही पाप नव्हे. असें असूनही त्यांच्या मनास स्वस्थता नव्हती. पेटी भरत होती, पण तरुणपणीं ऐकलेली हांक बुजत नव्हती.

व्यापाराच्या निमित्तानें त्यांचें जाणें-येणें फिलिपाईन बेटांतील मनिला शहरीं होऊं लागलें. तेथें स्पेनचें राज्य होतें. त्या शहरांतील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंची राहणी त्यांनीं पाहिली. अंगावर जाडाभरडा झगा, हातीं पैसा नाहीं, आणि सेवा मुख्यतः रोग्यांची व गोरगरिबांची. गोन्सालो यांनीं व्यापार सोडला आणि त्या संघांत धर्मबंधु म्हणून प्रवेश घेतला. ही तिसरी निवड. लक्षांत ठेवावें कीं, ते धर्मगुरु झाले नाहींत. अखेरपर्यंत साधे धर्मबंधुच राहिले. कालपर्यंत ज्यांच्या शब्दावर माल हलत असे, त्यांनीं आतां मठांत पडेल तें काम करण्याचें पत्करलें.

मनिलेंतच त्यांचें आयुष्य शांतपणें संपलें असतें. परंतु १५९३ सालीं फिलिपाईनच्या राज्यपालानें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकिलात पाठविण्याचें ठरविलें. मुखिया म्हणून फ्रान्सिस्कन धर्मगुरु पेद्रो बाउतिस्ता यांची योजना झाली. जपानी भाषा व दरबारी रीत जाणणारा दुभाषी कोठून आणावा? तो मठांतच होता. जीं आठ वर्षें वायां गेलीं असें वाटण्याजोगें होतें, तींच आतां उपयोगास आलीं.

जाण्यापूर्वीं धोका कोणास ठाऊक नव्हता असें नाहीं. हिदेयोशीनें १५८७ सालींच परदेशी धर्मगुरूंनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता. येशूसंघीय धर्मगुरु तेव्हांपासून सांभाळून, गाजावाजा न करतां काम करीत होते. शिवाय जपानांतील धर्मकार्य येशूसंघाकडेच असावें असें परमगुरु तेरावे ग्रेगरी यांनीं १५८५ सालीं ठरवून दिलें होतें. त्यामुळें फ्रान्सिस्कन बंधूंच्या येण्याबद्दल दोन्ही संघांत मतभेद होता. दोन्हीकडील माणसें सज्जन होतीं आणि दोघांसही प्रभूचेंच काम करावयाचें होतें. तरी मतभेद होता, हें इतिहासाशीं प्रामाणिक राहून सांगितलें पाहिजे. गोन्सालो यांची स्थिति तर विशेष अवघड. ज्या देशांतून ते एकदां निराश होऊन निघाले होते, त्याच देशीं दुसऱ्या संघाच्या झग्यांत त्यांस परतावयाचें होतें. तरी ते गेले. ही त्यांची चौथी आणि शेवटची निवड.

हिदेयोशी तेव्हां कोरियाच्या युद्धासाठीं क्यूशू बेटावरील नागोया येथील तळावर होता. त्याच्यासमोर बोलण्याचें काम गोन्सालो यांनीं केलें. फिलिपाईनच्या लोकांनीं आपलें स्वामित्व मानावें असा त्याचा आग्रह होता, आणि असल्या धन्यासमोर दुभाष्याचें काम तलवारीच्या धारेवर चालण्यासारखें होतें. बोलणें निभावलें. बंधूंस देशांत राहण्याची परवानगी मिळाली, आणि क्योटो येथें जागाही मिळाली. तेथें १५९४ सालीं त्यांनीं लहानसें ख्रिस्तमंदिर व मठ उभारला आणि कुष्ठरोग्यांसाठीं इस्पितळ काढलें. ज्यांस घरच्यांनींही दूर लोटलें होतें, त्यांचे व्रण हे बंधु आपल्या हातानें धूत. जे गोन्सालो पूर्वीं व्यापार करीत, त्यांच्या हातीं आतां रोग्यांच्या पट्ट्या होत्या.

हें तीन वर्षें चाललें. १५९६ च्या आक्टोबर महिन्यांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज मनिलेहून मेक्सिकोस जात असतां वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांतीं अडकलें. त्यांतील मौल्यवान माल हिदेयोशीनें जप्त केला. स्पेनचा राजा आधीं धर्मगुरु पाठवितो आणि मग सैन्य, असा संशय त्याच्या मनांत भरला. राग धर्मबंधूंवर निघाला. डिसेंबरांत त्यांस पकडण्यांत आलें. जानेवारी १५९७ मध्यें क्योटो शहरीं प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यांत आली. मग ऐन हिंवाळ्यांत, सुमारें महिनाभर, त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. निघतांना चोवीस होते. वाटेंत त्यांची सेवा करणारे दोघे त्यांस मिळाले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक ख्रिस्ती होते. दोन्ही संघांतील माणसें त्या वाटेवर एकत्र होतीं. सर्वांत लहान लुइस इबाराकी अवघा बारा वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर, बंदर नजरेसमोर असतां, या सव्वीस जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं मारण्यांत आलें. वसईच्या गोन्सालो यांचें वय त्या वेळीं सुमारें चाळीस होतें. १६२७ सालीं परमगुरु आठवे उर्बन यांनीं त्यांस धन्यवादित ठरविलें, आणि ८ जून १८६२ रोजीं परमगुरु नववे पायस यांनीं सव्वीसही जणांस संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं हे पहिले संत होत.

आतां आमच्या तरुणांस दोन शब्द. सर्वांनाच क्रुसाचें पाचारण नसतें, आणि परदेशीं जाणाऱ्या प्रत्येकानें व्यापार सोडावा असें या चरित्राचें सांगणें नाहीं. पगार, घरभाडें, मुलांची शाळा यांचा हिशेब अवश्य करावा. न करणें हा मूर्खपणा होय. परंतु हा हिशेब गोन्सालो यांनींही केला होता, तो बरोबर उतरला होता, आणि तरीही तो पुरला नाहीं. म्हणून शहर निवडतांना रविवारीं मिस्सेस पोंचतां येईल कीं नाहीं हें पाहावें, आणि तेथें आपली गरज कोणास आहे हेंही शोधावें. ज्या देशाचें अन्न खाल त्याची भाषा त्यांच्यासारखी मनापासून शिकावी. एखादें दार तोंडावर बंद झालें तर शिकलेलें वायां गेलें असें समजूं नये. त्याचा उपयोग कोठें व केव्हां होईल हें देव जाणतो.

आणि जे आईबाप मागें राहतात, त्यांस इतकेंच सांगतों. वसईच्या ज्या आईनें आपला पंधरा वर्षांचा मुलगा जहाजावर चढूं दिला, तिचें नांव आज कोणी घेत नाहीं. परंतु तिच्या मुलास आपण वेदीवर मान देतों. परदेशीं असलेल्या आपल्या सर्व लेंकरांस संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीनें योग्य वाट, चांगला शेजार आणि स्थिर श्रद्धा लाभो, हीच या महोत्सवप्रसंगीं आमची प्रार्थना आहे.