परभृताचे नाते आणि हाल्डेन यांचे गणित

उन्हाळा चढू लागला की पेडण्याच्या माडांत आणि डिचोलीच्या कुळागरांत कोकीळ घुमू लागतो आणि कोकिळा कावळ्याचे घरटे शोधू लागते. पिल्लू दुसऱ्याने वाढवायचे, म्हणून संस्कृतात या पक्ष्याला ‘परभृत’ असे नाव पडले. अशा व्यवहारात रक्ताच्या नात्याचे मोल किती, हे मोजण्याची वाट दाखवणाऱ्यांपैकी जे. बी. एस. हाल्डेन यांनी आपली अखेरची वर्षे भारतात घालवली.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील खाणीतील विषारी वायूंचे अभ्यासक होते. ते लहानग्या मुलालाही खाणीत नेत. स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची खोड हाल्डेन यांना तिथूनच जडली. नैसर्गिक निवडीला गणिताची बैठक देणाऱ्या तिघांत फिशर व राइट यांच्यासोबत त्यांचे नाव घेतले जाते. १९५७ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि भारतीय पेहरावात वावरू लागले. महागड्या उपकरणांवाचूनही विज्ञान होते, ही त्यांची शिकवण होती. माडाच्या झावळ्यांचा पीळ डावा की उजवा, हेही त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले.

१९५५ च्या एका लेखात त्यांनी बुडत्या मुलाचे उदाहरण घेतले. उडी मारण्यास प्रवृत्त करणारे जनुक असेल आणि उडी घेणारा दहांतून एकदा बुडणार असेल, तर स्वतःचे मूल किंवा भावंड वाचवण्यात त्या जनुकाचा मोठा लाभ आहे. पुतण्यासाठी तो निम्मा होतो, चुलतभावासाठी नगण्य उरतो. स्वतः हाल्डेन यांनी दोनदा बुडणाऱ्यांना बाहेर काढले होते, पण तेव्हा हा हिशेब करायला त्यांना सवड मिळाली नव्हती!

हे गणित कोकिळेसाठी मांडलेले नव्हते, पण तिला ते चपखल लागू पडते. कावळ्याच्या पिल्लाने भावंडासाठी घास सोडला तर निम्मे जनुक घरातच राहतात. कोकिळेच्या पिल्लाला असा लगाम नाही. तरीही युरोपातील कक्कूच्या पिल्लाप्रमाणे ते सहसा इतरांना बाहेर ढकलत नाही. एकाच घरट्यात कोकिळेची अनेक अंडी आढळतात. ती एकाच मादीची असली तर ढकलण्यात सख्खे भावंडच जायचे. अर्थात कावळ्याचे घरटे खोल आणि पिल्ले दांडगी, हेही कारण असेल.

बदकांत चित्र उलटे दिसते. थंड प्रदेशातील गोल्डनआय बदकाची मादी स्वजातीयांच्या घरट्यात अंडी घालते, आणि पुष्कळदा ती यजमान मादीची नातलग असते. परके अंडे सांभाळण्याचा तोटा अशा वेळी अंशतः भरून निघतो, कारण त्या पिल्लातही यजमानाचे काही जनुक असतात.

या नात्याचे नेमके सूत्र विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडले. त्याच वर्षी १ डिसेंबरला भुवनेश्वर येथे कर्करोगाने हाल्डेन यांचे निधन झाले. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकिनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.