आवाजातून ओळखू येणारा माणूस : विजय मर्चंट



टी.व्ही.वर क्रिकेटचा सामना लागला की खेळाडूंबरोबर समालोचकही आपल्या ओळखीचे होतात. कोणी आरडाओरडा करतो, कोणी विनोद करतो, कोणी आपल्याच काळच्या गोष्टी सांगत बसतो. घरोघरी टी.व्ही. नव्हते तेव्हा तर सारा सामना कानांनीच पाहावा लागे. त्या आंखों देखा हालमुळे आपल्या प्रदेशातील इंदूरचे सुशील दोशी घराघरात पोहोचले. त्यांच्याही आधीच्या पिढीतील एका समालोचकाची ओळख आज करून घेऊ या.

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत झाला. घराण्याचे आडनाव ठाकरसी, व्यवसाय कापड गिरण्यांचा. शाळेत बाईंनी नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला, गोंधळात व्यवसायच आडनाव म्हणून लिहिला गेला आणि ते जन्मभर मर्चंट राहिले, अशी गोष्ट सांगतात.

फलंदाज म्हणून ते फार मोठे होते. १९३६ मध्ये मँचेस्टरला त्यांनी इंदूरच्या मुश्ताक अलींबरोबर सलामीला २०३ धावांची भागीदारी केली. दोघांनीही शतके काढली. त्या काळी कसोटी सामने कमी होत, त्यात महायुद्ध आले. त्यामुळे १८ वर्षांत त्यांना फक्त १० कसोटी सामने मिळाले. पण प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४ होती. या बाबतीत डॉन ब्रॅडमन यांच्यानंतर त्यांचेच नाव घेतात. १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा काढल्या, त्याच सामन्यात खांदा दुखावला आणि चाळिसाव्या वर्षी ते थांबले.

मग हातात बॅटऐवजी माइक आला. रेडिओवरील क्रिकेट समालोचन आपल्या देशात १९३४ च्या सुमारास बॉबी तल्यारखान यांनी लोकप्रिय केले होते. ते दिवसभर एकटेच बोलत. पुढे १९४८-४९ मध्ये रेडिओने तीन समालोचक नेमायचे ठरवले, तेव्हा माइक वाटून घेण्यापेक्षा त्यांनी तो सोडणेच पसंत केले. मर्चंट यांचा स्वभाव अगदी निराळा. बोलणे सौम्य, सभ्य आणि नेमके. विविध भारतीवर रविवारी लागणारा ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ हा त्यांचा कार्यक्रम देशभर ऐकला जाई.

एक प्रसंग प्रसिद्ध आहे. जानेवारी १९६० मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेग यांचे अर्धशतक झाले. तेवढ्यात एक मुलगी मैदानात धावत गेली आणि तिने त्यांच्या गालाचा पापा घेतला. सारे अवाक झाले. मर्चंट मात्र माइकवर मिश्कीलपणे म्हणाले की आपण याच मैदानावर शतके, द्विशतके काढत होतो तेव्हा या धाडसी मुली कुठे होत्या कोण जाणे. एवढ्या मोठ्या खेळाडूला आपल्या शतकांची आठवण झाली, तीही स्वतःवर हसण्यासाठी!

पण सौम्य माणूस कमजोर असतो असे समजू नका. १९७१ च्या आरंभी ते निवड समितीचे अध्यक्ष होते. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी कप्तान मन्सूर अली खान पतौडी की अजित वाडेकर, हा प्रश्न होता. पतौडींचा जन्म आपल्या भोपाळचा. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९६८ मध्ये न्यूझीलंडला भारताने परदेशातील पहिली मालिका जिंकली होती. मते समसमान पडली आणि मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांना दिले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात मर्चंट यांच्याऐवजी पतौडींच्या वडिलांना कप्तानपद मिळाले होते. त्याचा हा बदला आहे, असेही काही लोक बोलले. टीका झाली, पण निर्णय बदलला नाही. त्याच वर्षी वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवले. पुढे १९७२-७३ मध्ये पतौडीही वाडेकरांच्या हाताखाली खेळले, हा त्यांचाही मोठेपणा.

क्रिकेटबाहेरही मर्चंट यांचे मोठे काम आहे. अपंगांना दया नको, काम हवे, हा त्यांचा विचार होता. आपल्या गिरणीत त्यांनी अपंगांना नोकऱ्या दिल्या आणि त्यांच्या रोजगारासाठी संस्थेच्या माध्यमातून अनेक वर्षे झटले. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. सोळा वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धेला त्यांचे नाव दिलेले आहे.

मुलांनो, क्रीडा दिनाला तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती माइक येतोच. तेव्हा एवढे लक्षात ठेवा : पहिल्या आलेल्याचे नाव तर सगळेच घेतात, शेवटी धावत येणाऱ्याचेही नाव घ्या. ऐकणाऱ्यांना शर्यत दिसली पाहिजे, आणि तुमच्या आवाजात तुमचे संस्कार ऐकू आले पाहिजेत.