छेदात शून्य : भास्कराचार्यांची गोष्ट

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात आमचं घर. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात 876 सालचा शिलालेख आहे. बागेची लांबी 270 हात, देवाला रोज 50 हार, हे आकडे त्यात शून्यासकट कोरलेले आहेत. ते शून्य पाहायला लोक लांबून येतात. मला मात्र ते पाहिलं की भास्कराचार्य आठवतात. त्यांनी शून्य छेदात ठेवलं आणि उत्तरात त्यांना अनंत दिसलं.

त्यांचा जन्म शके 1036, म्हणजे इसवी सन 1114 चा. गाव विज्जडवीड, सह्याद्रीच्या परिसरातलं. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. पुढे 1183 मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचला. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त हुकला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पण ती येते फैजीच्या 1587 च्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा ती गोष्ट म्हणूनच ऐकावी.

‘बीजगणिता’त ते तीनाला शून्याने भागतात आणि अशा राशीला ‘खहर’ म्हणतात. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद. या राशीत कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. दाखला देतात तो अच्युताचा : प्रलयकाळी सगळे जीव त्याच्यात सामावतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी तो कमी-जास्त होत नाही. गणितातली राशी समजावायला देवाचा दाखला, आणि तोही अगदी नेमका!

इथेच कुणीतरी म्हणतं, बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं. मला हे पटत नाही. शून्याने भागणं आजच्या अंकगणितात बसत नाही. शिवाय भास्कराचार्यांपुढे अनंत एकच होतं. दोन अनंतांची तुलना करता येईल का, हा प्रश्न तिथे नव्हता. तो विचारला जर्मनीत हाले इथे शिकवणाऱ्या गेओर्ग कँटरने.

त्याची युक्ती आमच्या बाजाराच्या नावातच सापडते. टोप्या आणि डोकी सारखी आहेत का, हे कळायला मोजायची गरज काय? एकेका डोक्यावर एकेक टोपी ठेवत जा. शेवटी काहीच उरलं नाही, तर दोन्ही सारखी. ही एकास एक संगती. तिने पाहिलं तर 1, 2, 3 या नैसर्गिक संख्या आणि 2, 4, 6 या सम संख्या बरोबरीच्या ठरतात : 1 ला 2, 2 ला 4, 3 ला 6. विषम संख्या काढून टाकल्या तरी आकार तोच! इथपर्यंत भास्कराचार्य हसून मान डोलावतील. पण 1874 मध्ये कँटरने सिद्ध केलं की वास्तव संख्यांशी अशी संगती लावताच येत नाही. काहीही करा, डोकी उरतातच. म्हणजे ते अनंत मोठं. अशा आकारांना आज कार्डिनल संख्या म्हणतात.

यात भास्कराचार्यांचं काही कमी होत नाही. आपल्या माणसानं नेमकं काय केलं ते सांगणं, हाच त्याचा मान. त्यांच्या घरच्यांनी तो निराळ्या तऱ्हेने राखला. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला चाळीसगावजवळ पाटणे इथे मठ काढला. तिथल्या 1207 च्या सुमाराच्या शिलालेखाचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे, आणि बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावर मठाला हिस्सा द्यावा, असं त्यात लिहिलंय. अनंत शिकायचा खर्च बाजारातली गिऱ्हाइकं उचलत होती. मित्रांनो, त्या मठाला आजोबांची नुसती पूजा करून भागलं असतं. पण तिथं त्यांची गणितं सोडवायला बसवत होते.